पाण्याखालच्या ग्लायडरसाठी किनाऱ्यावरचा तळ: काय उभारायचं, कोणाला सोबत घ्यायचं

दरवर्षी १ जूनला पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि पुढचे दोन महिने आपल्या समुद्रात काय चाललंय ते पाहायला जवळजवळ कोणी जात नाही. त्याच्या पोटात सगळ्यात जास्त उलथापालथ होते ती मात्र याच दिवसांत. खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या बाजूने वर सरकतं, आणि त्यावर पावसाच्या अन् खाड्यांच्या गोड्या पाण्याचा थर बसतो. गोव्याची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कांदोळीसमोर १९९७ पासून ठरलेल्या जागी पाणी मोजते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथल्या तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, हे त्या आणि आसपासच्या मोजमापांतून कळलं. पण ती एका जागेची नोंद आहे, आणि ऐन पावसात छोटी बोट तिथे पोचणं कठीण असतं.

हे काम ग्लायडर करू शकतो. दीड-दोन मीटर लांबीची, साठ-सत्तर किलो वजनाची, पंख लावलेली ही नळी. हिला पुढे ढकलणारा पंखा नसतो. आतला पंप तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतो किंवा दट्ट्या समुद्राचंच पाणी आत-बाहेर करतो. आकारमान वाढलं की ग्लायडर वर येतो, घटलं की बुडतो, आणि पंखांमुळे या वर-खाली जाण्यातूनच तो पुढे सरकतो. वेग तासाला सुमारे एक किलोमीटर, दिवसाला २० ते २५. हेन्री स्टॉमेल या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये अशा यंत्रांचा ताफा जगभर फिरतोय अशी कल्पना लिहून मांडली होती. त्याचा मित्र डग वेब याने ते यंत्र घडवलं आणि एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकमचं नाव त्याला मिळालं.

मी काही वर्षं युरोपातल्या एका ग्लायडर-तळावर तंत्रज्ञ आणि पायलट, म्हणजे किनाऱ्यावरून ग्लायडरला हुकूम देणारा, म्हणून काम केलं. माझं बालपण कोकणात गेलं, त्यामुळे तिथे शिकलेली प्रत्येक गोष्ट आपल्या किनाऱ्याला लावून पाहायची सवय लागली. आपल्याकडचं एखादं विद्यापीठ किंवा छोटी संशोधन संस्था हे काम हाती घेणार असेल तर त्यांना उपयोगी पडावं म्हणून हे सगळं लिहितोय. पहिला सल्ला ऐकायला उलटा वाटेल: पैसे मंजूर झाले की ग्लायडर सर्वांत शेवटी मागवा. कार्यशाळा, परवाने, पायलट आणि बोट यांची सोय नसताना आलेला ग्लायडर खोक्यातच वर्ष काढतो. तोवर हमीची मुदत संपते, बॅटऱ्या जुन्या होतात आणि सेन्सरच्या कॅलिब्रेशनची तारीखही उलटून जाते.

जागा निवडताना आधी खोली बघा

मायोर्कातलं पाल्मा, ग्रान कनारिया, फ्रान्समध्ये तुलाँजवळचं ला सेन-स्युर-मेर या तळांवरून खोल पाणी जवळ आहे. सकाळी बोटीने निघून दुपारपर्यंत हजार मीटर पाण्यात पोचता येतं. आपल्याकडे तसं नाही. मुंबईसमोर खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. हजार मीटर खोल जाणारा ग्लायडर किनाऱ्यालगत सोडला तर खोल पाण्यात पोचायलाच त्याचे बारा-पंधरा दिवस जातील, आणि तेही ट्रॉलरच्या गर्दीतून. दक्षिणेकडे खंडमंच अरुंद होत जातो. लक्षद्वीपला प्रवाळ संपला की लगेच पाताळ लागतं.

म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग जागा. पावसाळ्यातला प्राणवायू पाहायचा असेल तर प्रश्न खंडमंचावरचाच आहे, मग २०० मीटरवाला उथळ ग्लायडर घ्या आणि तळ गोवा किंवा दक्षिण कोकणात ठेवा. अरबी समुद्राचं खोल पाणी हवं असेल तर मोठ्या जहाजावरून सोडायची व्यवस्था करा किंवा लक्षद्वीपहून सोडा. पण कार्यशाळा तरीही मुख्य भूमीवर, रस्ता-वीज-विमानतळ असलेल्या ठिकाणीच असू द्या. मुंबईच्या वायव्येला मुंबई हायचे तेलफलाट आहेत. प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र असतं, तिथे ग्लायडर वाहत जाता कामा नये. आखलेली वाट त्या भागापासून पुरेशी लांब ठेवा.

कार्यशाळा: टाकी, टेबल आणि ओ-रिंग

खोली फार मोठी लागत नाही. ग्लायडर उघडून दोन्ही बाजूंनी फिरता येईल एवढी जागा, छताला एक चेन-पुली, वातानुकूलन आणि धूळ येणार नाही अशी दारं-खिडक्या एवढं पुरे. पाण्याची टाकी मात्र चांगली हवी. अडीच-तीन मीटर लांब आणि ग्लायडर पूर्ण बुडून वर वीतभर पाणी उरेल इतकी खोल.

टाकीचं काम वजन जुळवणीचं, ज्याला सगळे बॅलास्टिंग म्हणतात. साठ लिटर आकारमानाचा ग्लायडर धरा. पाण्याची घनता घनमीटरमागे एक किलोने बदलली की त्याचं पाण्यातलं वजन ६० ग्रॅमने बदलतं. आता आपला पावसाळा घ्या. मे महिन्यात वरच्या पाण्याची क्षारता (किलोभर पाण्यातलं ग्रॅममधलं मीठ) ३६ च्या जवळ असते. खाडीमुखासमोर गोड्या पाण्याचा थर आला आणि क्षारता ३० वर उतरली तर घनता साडेचार किलोने घटते, म्हणजे ग्लायडर २७० ग्रॅम जड होतो. जुन्या उथळ ग्लायडरच्या पंपाची एकूण क्षमता अर्ध्या लिटरच्या आसपास, म्हणजे मध्यापासून एका बाजूला जेमतेम अडीचशे ग्रॅम. खारट पाण्यासाठी तंतोतंत जुळवलेला ग्लायडर त्या गोड्या थराखालीच अडकतो. अँटेना पाण्याबाहेर येत नाही, उपग्रहाशी बोलणं होत नाही, आणि किनाऱ्यावरचा पायलट रात्रभर फोनकडे बघत बसतो. म्हणून पावसाळी मोहिमेचं वजन वर्षाच्या सरासरीवर नव्हे, त्या मोसमात भेटू शकणाऱ्या सगळ्यात हलक्या पाण्यावर जुळवायचं. थोडा हलका ग्लायडर खाली जायला कुरकुरेल, पण परत येईल. पंप मोठा असलेलं मॉडेल परवडत असेल तर आपल्या किनाऱ्यासाठी तेच घ्या.

प्रत्यक्ष काम असं चालतं. ग्लायडर पट्ट्यांत अडकवून टाकीत सोडायचा आणि वर टांगलेल्या काट्यावर त्याचं पाण्यातलं वजन वाचायचं. टाकीच्या पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजायची, आणि त्यावरून समुद्रातलं वजन हिशेबाने काढायचं. टाकीत गोडं पाणी असलं तरी चालतं, फक्त त्याची घनता नक्की माहीत हवी. खरी गडबड करतात ते हवेचे बुडबुडे. शेपटीच्या आवरणात, पंखांच्या खाचेत, सेन्सरच्या जाळीत ते चिकटून बसतात आणि ग्लायडर आहे त्यापेक्षा हलका दाखवतात. आम्ही मऊ ब्रश घेऊन, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून एकेक बुडबुडा काढायचो. शेपूट खाली, नाक वर असं हळूच डोलवलं की आतून एक शेवटचा मोठा बुडबुडा ‘ब्लप’ करून बाहेर पडतो आणि काटा वीस-पंचवीस ग्रॅमने सरकतो. त्यानंतर अर्धा तास थांबून पुन्हा वाचायचं. दोनदा तोच आकडा आल्याशिवाय वहीत लिहायचं नाही.

ओ-रिंग म्हणजे सांध्यातून पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी. तिच्याबद्दल माझा अनुभव सांगतो. एकदा ग्लायडर बंद करून आतली हवा ओढून घेतली आणि तसाच ठेवला. सकाळी निर्वात थोडा उतरलेला दिसला. तापमानाचा फरक असेल असं म्हणून पुढे जायचा मोह सगळ्यांनाच झाला होता, बोट ठरलेली होती. तरी उघडला. ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस होता. माझाच असावा. केसाच्या जाडीची ती फट हजार मीटरखाली, शंभर वातावरणांच्या दाबात, काही मिनिटांत ग्लायडर भरून टाकू शकली असती. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. ओ-रिंग बसवताना एकजण बसवतो आणि दुसरा टॉर्च धरून बघतो. आणि बंद केलेला ग्लायडर किमान एक रात्र निर्वातात ठेवल्याशिवाय बोटीवर चढत नाही.

होकायंत्राचं कॅलिब्रेशन लोखंडापासून दूर करायचं. आधुनिक इमारतीत ते जमतच नाही, कारण स्लॅबमध्ये सळ्या असतात. एखादं मोकळं माळरान बघा, लाकडी स्टँड करून घ्या, खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइल लांब ठेवा, आणि ग्लायडर सगळ्या दिशांना, वेगवेगळ्या कलात फिरवून नोंदी घ्या. बॅटऱ्या बदलल्या की हे पुन्हा करावं लागतं, कारण बॅटऱ्यांचंही चुंबकीय क्षेत्र असतं.

बॅटऱ्या

एकदाच वापरायच्या लिथियम बॅटऱ्यांवर ग्लायडर काही महिने चालतो, अल्कलाइन किंवा रिचार्ज होणाऱ्यांवर साधारण महिनाभर. १ जूनच्या आधी सोडून ऑगस्टमध्ये उचलायचा असेल तर लिथियमला पर्याय नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून पाठवता येत नाहीत. त्या नवव्या वर्गाचा धोकादायक माल म्हणून, यूएन ३०९० क्रमांकाखाली, मालवाहू विमानाने किंवा जहाजाने येतात. त्यांना दोन-तीन महिने लागतील असं धरून चाला. साठवायला इमारतीपासून वेगळी, कोरडी, हवेशीर खोली हवी, आणि लिथियम धातूच्या आगीवर चालणारं डी वर्गाचं अग्निशामक दाराबाहेर हवं. तालुक्याच्या अग्निशमन दलाला आधीच बोलावून खोली दाखवा.

परवाने: सगळ्यात आधी सुरू करायचं काम

ग्लायडरच्या शेपटीत इरिडियम उपग्रहाचा मोडेम असतो. आपल्या देशात इरिडियम आणि थुराया ही उपग्रह-संपर्काची उपकरणं दूरसंचार विभागाच्या लेखी परवानगीशिवाय आणता किंवा वापरता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर सॅटेलाइट उपकरण सापडल्यामुळे परदेशी पर्यटक अडकल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. संशोधनाचं यंत्र आहे हे सांगून सीमाशुल्क अधिकारी ते सोडणार नाहीत, आणि त्यांनी सोडूही नये. परवानगीच्या अर्जात प्रत्येक मोडेमचा क्रमांक द्या. दुरुस्तीत मोडेम बदलला तर क्रमांकही बदलतो, हे लोक विसरतात.

परदेशी भागीदार असेल तर आणखी एक दार ठोठावावं लागतं. समुद्रकायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे २०० सागरी मैलांच्या आत, संशोधनाला त्या देशाची संमती लागते आणि मोहिमेची माहिती किमान सहा महिने आधी द्यावी लागते. ही कागदी औपचारिकता समजू नका. १५ डिसेंबर २०१६ ला दक्षिण चीन समुद्रात, फिलिपिन्सच्या सुबिक बेपासून सुमारे ५० सागरी मैलांवर, अमेरिकी जहाज आपला ग्लायडर उचलत असतानाच चिनी नौदलाने तो उचलून नेला. पाच दिवसांनी परत दिला, पण तेवढ्यात दोन देशांत निषेधाचे खलिते फिरले. समुद्रात एकटा फिरणारा यांत्रिक मासा बघणाऱ्याला हेर वाटू शकतो. त्यामुळे नौदल आणि तटरक्षक दलाला वाट, तारखा, ग्लायडरचा फोटो आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर मोहिमेआधीच द्या. आपल्या भागाच्या, म्हणजे नॅव्हएरिया आठच्या, नाविक सूचना देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयातून निघतात. तिथे मोहिमेची नोंद झाली तर जहाजांनाही कळतं.

सर्व्हर आणि पायलटांच्या पाळ्या

ग्लायडर दर चार-सहा तासांनी वर येतो, जीपीएसवर आपली जागा बघतो आणि इरिडियमवरून किनाऱ्यावरच्या सर्व्हरला फोन करतो. मोजमापांचा सारांश पाठवतो, नवे हुकूम असतील तर घेतो आणि पुन्हा बुडतो. हा सर्व्हर बंद असेल तर तो वाट बघतो, आणि वाट बघत पृष्ठभागावर तरंगणं हा त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याचा वेळ.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. ग्लायडरची गरज सगळ्यात जास्त असते ती अशाच दिवसांत. म्हणून मुख्य सर्व्हर किनाऱ्यावरच्या कार्यशाळेत ठेवूच नका. पुणे, हैदराबाद किंवा क्लाउडवर ठेवा आणि दुसऱ्या शहरात त्याची तयार प्रत ठेवा. कार्यशाळेत फक्त चाचणीचा सर्व्हर असू दे. निदान महिन्यातून एकदा मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून बघा, जोडीदार सर्व्हर खरंच फोन उचलतो का.

पायलट किती लागतात? एक ग्लायडर तीन महिने चालवायला चारपेक्षा कमी माणसं असतील तर ती आजारी पडतील. हुकूम देणं पंधरा मिनिटांचं काम असतं, पण ते रात्री तीनलाही येतं. पाळी आठवड्याची ठेवा. पाळी बदलताना लिहून नोंद द्या: ग्लायडर कुठे आहे, प्रवाह कुठे नेतोय, बॅटरी किती उरली, कालपासून काय वेगळं दिसतंय. प्रत्येक हुकमाच्या फाइलवर दुसऱ्याची नजर पडल्याशिवाय ती पाठवायची नाही.

हा शेवटचा नियम का, ते एका उदाहरणाने सांगतो. स्लोकम ग्लायडरच्या फाइलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश लिहितात, आणि तेही अंश-मिनिटं जोडून. मालवणसमोरचा ७३.२० अंश पूर्व हा बिंदू म्हणजे ७३ अंश १२ मिनिटं, तो ७३१२ असा लिहायचा. दमलेला पायलट नकाशावरचं ७३.२० बघून ७३२० लिहितो. फाइल बिनचूक वाचली जाते, कुठलाही इशारा येत नाही. आणि किनाऱ्यापासून २८ किलोमीटरवर थांबायला हवा असलेला ग्लायडर १४ किलोमीटरपर्यंत आत येऊ लागतो, सरळ मच्छीमारांच्या गिलनेट जाळ्यांच्या पट्ट्यात. शेजारी बसलेल्या माणसाला ही चूक पाच सेकंदांत दिसते, लिहिणाऱ्याला दिसत नाही.

नवख्या पायलटांना प्रवाहाची भीती घालायला हवी. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह जोरात असेल तेव्हा तो ग्लायडरच्या स्वतःच्या वेगाएवढा, कधी त्याहून जास्त असतो. अशा वेळी प्रवाहाविरुद्ध झुंजून बॅटरी जाळू नये. आडवं कापावं, किंवा खोल डुबी मारून वरचा जोराचा थर टाळावा. ग्लायडर जिथे निघायला हवा होता आणि जिथे निघाला, त्या दोन जागांतल्या फरकावरून प्रवाहाचा सरासरी वेग मिळतो. पायलटने दर फेरीला आधी तो आकडा वाचावा.

बोट, तांडेल आणि किनाऱ्यावरची गावं

युरोपातल्या तळांकडे स्वतःच्या रबरी बोटी असतात. आपल्याकडे त्या घेण्यापेक्षा बंदरातल्या चांगल्या तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, वर्षाचा करार करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बार कुठे सरकलाय, उधाणात कधी निघायचं आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत कोणत्या वेळेला बोट अडकेल, हे त्याला पाठ असतं. तो खोली वावेत सांगेल, तुम्ही मीटरमध्ये लिहा. एक वाव म्हणजे सहा फूट, सुमारे १.८ मीटर. बोटीचा कठडा पाण्यापासून जितका खाली तितकं बरं, कारण साठ-सत्तर किलोचा, निसरडा, नाजूक पंखांचा ग्लायडर हाताने आत घ्यायचा असतो. निघण्याआधी बंदरातच, शांत पाण्यात, खलाशांना घेऊन दोनदा सराव करा. पंखांना आणि अँटेनाला हात लावायचा नाही, पट्टा कुठे अडकवायचा, कोण काय ओरडणार, हे तिथेच ठरू दे.

मासेमारी बंदीमुळे आपलं वेळापत्रक आपोआप ठरतं. ग्लायडर मे महिन्याच्या शेवटी सोडायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर, दर्या निवळला की उचलायचा. मधल्या काळात काही बिघडलं तर छोटी बोट जाऊ शकणार नाही, म्हणून पर्यायी योजना कागदावर हवी. ग्लायडर खोल पाण्याकडे नेऊन कमी वेळा वर आणायचा आणि बॅटरी वाचवत थांबायचं. अगदी गळती वगैरे झाली तर तटरक्षक दलाकडे मदत मागायची, आणि ती मिळेलच असं गृहीत धरायचं नाही.

हे सगळं जमलं तरी ग्लायडर कधी ना कधी जाळ्यात सापडणार. डिसेंबर २०२० मध्ये इंडोनेशियाच्या सेलायर बेटाजवळ मच्छीमारांना ग्लायडर सापडला आणि तो कोणाचा, कशासाठी, यावर देशभर चर्चा झाली. चिनी बनावटीचा होता असं तज्ज्ञांचं मत पडलं. त्या यंत्रावर मच्छीमाराला समजेल अशा भाषेत काही लिहिलेलं असतं तर गोष्ट एका फोनवर मिटली असती. आपल्या ग्लायडरवर मराठी, कोकणी, गुजराती, कन्नड आणि मल्याळममध्ये मोठ्या अक्षरात लिहा: हे हवामान आणि माशांच्या अभ्यासाचं यंत्र आहे, स्फोटक नाही, उघडू नका, या नंबरवर फोन करा, जाळं फाटलं असेल तर भरपाई मिळेल. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवलेले असले पाहिजेत. फाटलेल्या जाळ्याचे पैसे त्याच आठवड्यात मिळाले तर ती बातमी पुढच्या दहा बंदरांत जाते. नाही मिळाले तरी जाते.

मोहिमेआधी दोन-तीन मच्छीमार सहकारी संस्थांच्या बैठकांना जा. ग्लायडर सोबत न्या आणि लोकांना हात लावू द्या. त्यांना विचारा, कुठल्या महिन्यात कुठे डोल जाळी लागतात, पर्ससीन जाळीवाले कुठे फिरतात. परत आल्यावर त्यांना काय दिसलं ते सांगायलाही जा. तळाचं पाणी श्वास कोंडणारं झालं की मासळी वर किंवा लांब सरकते, हे त्यांनी जाळ्यात पाहिलेलं असतं. त्यांच्यासमोर आकड्यांचा आलेख ठेवला की बोलणं खऱ्या अर्थाने सुरू होतं.

एकट्याने करू नका: संस्थांमधला सहकार

युरोपातल्या गटांना वीस वर्षांपूर्वीच कळलं की प्रत्येकाने स्वतंत्र टाकी, स्वतंत्र सुटे भाग आणि स्वतंत्र पायलट ठेवणं परवडत नाही. २०११ ते २०१४ या काळात युरोपीय निधीतून ग्रूम नावाचा प्रकल्प झाला. ग्लायडरसाठी किनाऱ्यावर काय काय लागतं आणि ते देशादेशांत कसं वाटून घ्यायचं, याचीच त्यात मांडणी होती. २०२० मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. फ्रान्सचा ग्लायडरांचा राष्ट्रीय ताफा ला सेनला एकत्र ठेवलेला असतो. ब्रिटनमध्ये साउथॅम्प्टनच्या राष्ट्रीय साठ्यातून शास्त्रज्ञांना ग्लायडर मिळतो. ऑस्ट्रेलियाने पर्थमध्ये एकच तळ करून सगळ्या विद्यापीठांना सेवा दिली. पाल्माच्या तळाने तर २०११ पासून इबिझा सामुद्रधुनीत ग्लायडरची जवळजवळ अखंड येरझार ठेवली आहे.

२००९ ची ‘स्कार्लेट नाइट’ची गोष्ट यासाठी आठवावी. २७ एप्रिलला न्यू जर्सीहून रटगर्स विद्यापीठाच्या गटाने हा ग्लायडर सोडला. २२१ दिवसांनी, ४ डिसेंबरला, स्पेनच्या बायोनाजवळ तो उचलला गेला. अटलांटिक पार करणारा पहिला ग्लायडर. पलीकडच्या किनाऱ्यावर जहाज घेऊन उभे राहणारे स्पॅनिश सहकारी नसते तर तो अटलांटिक ओलांडूनही परत मिळाला नसता.

आपल्याकडे पाया आहे. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र, आर्गो तरंड्यांचा (समुद्रात वाहत वर-खाली जाऊन मोजमापं घेणाऱ्या यंत्रांचा) डेटा सांभाळतं आणि ग्लायडरही चालवतं. चेन्नईच्या एनआयओटीकडे, म्हणजे राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेकडे, सागरी यंत्रांचा अनुभव आहे. एनआयओने गोव्यात ‘माया’ हे स्वयंचलित जलयान घडवलं. २०१६ च्या पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात ‘बॉबल’ मोहिमेत भारतीय संशोधकांनी सिंधु साधना जहाजावरून ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठासोबत ग्लायडर सोडले. अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर ओमानच्या सुलतान काबूस विद्यापीठासोबत त्याच ब्रिटिश गटाने ओमानच्या आखातातला प्राणवायू ग्लायडरने मोजला.

नव्या तळाने या संस्थांशी करार करताना ‘परस्पर सहकार्य’ अशी मोघम वाक्यं लिहून सही करू नये. नेमकं लिहा. सुट्टीच्या आठवड्यात तुमचा ग्लायडर कोण चालवेल? त्याला सर्व्हरवर काय काय करायची मुभा असेल? जोडीदाराच्या हुकमामुळे ग्लायडर हरवला तर नुकसान कोणाचं? माझं मत स्पष्ट आहे: मालकाचं. नाहीतर कोणी मदतीला हातच लावणार नाही. सुट्या पंपाचा, अँटेनाचा, सीटीडी सेन्सरचा (क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या) सामाईक साठा कुठे राहील आणि घेतल्यावर किती दिवसांत भरून द्यायचा? प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला डेटावर पहिला हक्क किती महिने? दुरुस्तीला ग्लायडर कारखान्यात, अमेरिका किंवा फ्रान्सला, पाठवला की महिने जातात. चार संस्थांनी मिळून एक जादा ग्लायडर ठेवला तर मोसम वाया जात नाही.

डेटा रोजच्या रोज बाहेर जाऊ द्या

ग्लायडरचा डेटा मोहीम संपल्यावर प्रकाशित करायची सवय अजून आहे. मला ती पटत नाही. कॅरिबियन आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळांच्या मोसमात ग्लायडर मुद्दाम सोडतात. त्यांनी मोजलेलं वरच्या थराचं तापमान त्याच दिवशी हवामान खात्यांच्या जागतिक जाळ्यात जातं आणि वादळ किती बळावेल या अंदाजात वापरलं जातं. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अरबी समुद्राला याची तितकीच गरज आहे.

त्यासाठी पहिल्या दिवसापासून सर्वमान्य स्वरूपात लिहा. ग्लायडरसाठी ईजीओ या ग्लायडर-गटांच्या जाळ्याचं नेटसीडीएफ हे फाइलचं स्वरूप रूढ आहे, आणि ओशनग्लायडर्स हा जागतिक कार्यक्रम प्राणवायू, क्षारता वगैरेंच्या मोजमापाच्या ठरावीक पद्धती खुल्या ठेवतो. त्या आयत्या घ्या, स्वतःच्या नव्या बनवू नका. आपल्या भागातली एक अडचण मात्र लक्षात ठेवा: वरच्या २८-२९ अंशांच्या पाण्यातून थंड थरात शिरताना तापमान झपाट्याने बदलतं, आणि सेन्सरच्या नळीत अडकलेल्या उष्णतेमुळे क्षारतेत खोटे काटे दिसतात. ते सुधारल्याशिवाय त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नये. प्राणवायूच्या सेन्सरची तपासणी सोडताना आणि उचलताना, दोन्ही वेळी, बाटलीत पाणी घेऊन विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनांनी प्राणवायू मोजून, करा. दोन वेळची जुळणी नसेल तर तीन महिन्यांत सेन्सर किती सरकला हे कळायला मार्ग राहत नाही.

उचलल्यानंतरचे दोन तास

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ग्लायडर बोटीत येईल तेव्हा त्याच्या अंगावर बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) असतील, पंखांच्या सांध्यात शेवाळ असेल. लगेच खरवडू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, विशेषतः सेन्सरच्या तोंडाशी किती वाढ आहे त्याचे, कारण डेटा कुठल्या दिवसापासून बिघडला याचा तो पुरावा असतो. मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा. सीटीडीच्या नळीतून स्वच्छ पाणी सोडा, ती सुकू देऊ नका. कार्यशाळेत पोचल्यावर उघडण्याआधी आतला निर्वात वाचून वहीत लिहा. पाण्यात लटकवून पुन्हा एकदा वजन करा आणि मे महिन्यातल्या आकड्याशी ताडून बघा. बार्नॅकलसकट आणि बार्नॅकल काढून, असं दोनदा. पुढच्या पावसाळ्याचं बॅलास्टिंग करताना हेच दोन आकडे समोर लागतील. तांडेलाचा हिशेब मात्र त्याच संध्याकाळी पुरा करा.